जास्तीचं पाणी

आमच्या कंपाउंडच्या भिंतीला बाहेरच्या बाजूनं एक नळ आहे. पितळी, तोटी जरा सैल झालेली, खाली हंडा टेकवायला कडप्प्याचा तुकडा. बोअर आत, टाकी आत आणि हा नळ मात्र रस्त्यावर. नवीन पाहुणे विचारतात, हा चुकून बाहेर राहिला का? चुकून नाही. माझ्या मरहूम सासऱ्यांनी तो मुद्दाम तिकडं काढला. 2009 साली ते निवृत्त झाले, फंडाचे पैसे हाती आले आणि त्यातून त्यांनी अंगणात बोअर मारला. साडेतीनशे फुटांच्या आसपास पाणी लागलं. बोअरच्या गाडीवरची पोरं त्या दिवशी आमच्याकडंच जेवली. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, तर अब्बांनी त्याला पहिलं काम सांगितलं ते बाहेरच्या नळाचं. "हा माझ्या आईच्या नावाचा," एवढंच म्हणाले. स्वयंपाकघरातला नळ चार दिवसांनी बसला. ते चार दिवस मी आमच्याच घराचं पाणी रस्त्यावर जाऊन भरलं. तेव्हा रागही आला होता.

हजरत साद बिन उबादा (रजि.) यांची हकिगत वाचकांना माहीत असेल. त्यांची आई वारली तेव्हा त्यांनी आदरणीय प्रेषितांना (स.) विचारलं, आईच्या नावानं कोणता सदका सर्वांत चांगला? उत्तर मिळालं, पाणी. साद यांनी विहीर खणली आणि ती आईच्या नावे केली. अब्बा काही आलीम नव्हते. कचेरीत कारकुनी करण्यात आयुष्य गेलं. पण ही एक गोष्ट त्यांनी मनात धरून ठेवली होती. 2013 मध्ये ते गेले. नळ राहिला.

मला लिहायचं आहे ते 2016 च्या उन्हाळ्याबद्दल. आम्ही लातूरचे. लातूरकरांना त्या वर्षाचं वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडं सांगते. पावसानं लागोपाठ दगा दिला होता. मांजरा धरण कोरडं पडलं आणि शहराच्या नळांना पाणी येणं बंद झालं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लावावी लागली, कारण घागरीवरून डोकी फुटतील अशी धास्ती होती. आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा, कधी दहा दिवसांनी. रोज कुणाचा तरी बोअर आटल्याची बातमी. लोक कर्ज काढून सातशे-आठशे फूट खाली जात होते आणि वर नुसती धूळ येत होती.

आमच्या बोअरला पाणी होतं.

हे वाक्य आज सहज लिहिलं, पण त्या दिवसांत ते मोठ्यानं बोलायची भीती वाटायची. पहाटे फजरच्या आधीपासून नळासमोर घागरींची रांग लागायची. माणसं नसायची, नुसती भांडी. कुणाच्या घागरीला लाल चिंधी, कुणाच्या कॅनवर रंगानं काढलेली फुली. समोरच्या गल्लीतले लोक येत, मग पलीकडच्या वस्तीतले येऊ लागले. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, फजरची नमाज झाली की खुर्ची टाकून फाटकाजवळ बसायच्या. कुणाला किती द्यायचं हे त्या कधी सांगत नसत. फक्त बसायच्या, आणि त्या बसल्या की रांगेत भांडण होत नसे.

हिशोब मी ठेवत होते. घरात आम्ही सहा माणसं: अम्मी, मी, मुलांचे अब्बू आणि तीन मुलं. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, असं कुठंतरी वाचलेलं होतं. म्हणजे सहा जणांना आठशे दहा लिटर. आम्ही काटकसर करून सहाशेत भागवत होतो. त्याचा मला अभिमान होता. बाहेर साठ हंडे जात. एका हंड्यात पंधरा लिटर धरले तर नऊशे लिटर झाले. सहाशे आणि नऊशे मिळून दीड हजार. मार्चमध्ये तेवढं निघत होतं. एप्रिल लागला आणि मोटार वीस मिनिटं चालली की पाण्याऐवजी हवा फेकू लागली. मग तीन तास बंद ठेवायची, खाली पाणी जमू द्यायचं, पुन्हा वीस मिनिटं. पुढं वीसची पंधरा झाली, पंधराची बारा. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज मिनिटं लिहून ठेवायची. गॅसचा हिशोब, दुधाचा हिशोब आणि शेजारी मोटारीची मिनिटं.

झोप गेली होती. रात्री दोन-दोन वाजता उठून मी गच्चीवर टाकीचं झाकण उघडून बघायची. छातीत धडधड व्हायची, जेवण जायचं नाही. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, वाढलेला निघाला. "घरात काही ताण आहे का?" मी म्हटलं, "पाणी." ते हसले. म्हणाले, "सकाळपासून हेच ऐकतोय." गोळी लिहून दिली. ज्यांच्या घरी पाणी नव्हतं त्यांना ताण असणार हे कुणालाही समजेल. माझ्या घरी तर होतं. पण मला तेव्हा स्वतःला हा प्रश्न विचारायला सुचलं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, जवळजवळ पाच लाख लिटर. पेपरात फोटो, टीव्हीवर तेच. आमचा धाकटा नऊ वर्षांचा होता, त्यानं हट्ट धरला म्हणून अब्बू त्याला स्टेशनकडं घेऊन गेले. परत आला तो एकच प्रश्न घेऊन: मिरजेच्या लोकांना कमी नाही का पडणार? मी म्हटलं, "त्यांच्याकडं कृष्णा नदी आहे, जास्तीचं आहे त्यांच्याकडं." तो म्हणाला, "त्यांनी मोजलं का?" लहान मुलं असलं काहीतरी विचारतातच. मी त्याला जेवायला बसवलं.

"जास्तीचं" हा शब्द मात्र मला आधीपासूनच छळत होता. त्याचं कारण एक हदीस. ज्याच्याकडं जास्तीचं पाणी आहे आणि तो वाटसरूला ते देत नाही, त्याच्याकडं कयामतच्या दिवशी अल्लाह बघणार नाही, अशा आशयाची ती हदीस बुखारीत आहे. लहानपणी मकतबमध्ये ऐकलेली. त्या एप्रिलमध्ये ती रोज आठवायची आणि रोज मी तिला तेच उत्तर द्यायची: जास्तीचं असेल तर. माझ्याकडं जास्तीचं कुठं आहे? सहाशे लागतात, बोअर हजार देतो, उद्या आठशे देईल, परवा सहाशे. मे महिना अख्खा पुढं आहे, जूनमध्ये रमजान आहे. माझी तीन लेकरं आहेत. कॅलेंडर माझ्या बाजूनं साक्ष देत होतं.

अम्मींशी एकदा बोलून बघितलं. म्हटलं, "अम्मी, बाहेर तीस हंड्यांवर थांबवू या." त्या तसबीह फिरवत होत्या. म्हणाल्या, "नक्को कर बेटी." आमच्या घरात बोलणं दखनीतलं, आणि दखनीतला हा "नक्को" फार मऊ असतो, त्याच्याशी भांडता येत नाही. मी तरी म्हटलं, "आटलं तर?" "आटलं तर आटलं. तो नळ तुझा नाही, माझाही नाही. तुझ्या सासऱ्यांच्या आईचा आहे. तिला विचार." त्या आईला जाऊन तीस वर्षं झाली होती.

मुलांचे अब्बू म्हणाले, "तुला जे बरं वाटेल ते कर." पुरुष माणसं हे वाक्य फार मोठं मन असल्यासारखं बोलतात. त्याचा अर्थ एवढाच, की पुढं जे होईल ते तुझ्या माथी.

एप्रिलचा तिसरा आठवडा होता. एका रात्री सगळे झोपल्यावर मी अंगणात गेले आणि बाहेरच्या नळाचा आतला कॉक बंद केला. कॉक बोअरच्या झाकणाशेजारी आहे, वर फरशी असते. फरशी सरकवली, कॉक फिरवला, फरशी परत ठेवली. दोन मिनिटांचं काम. सकाळी रांग लागली, नळ कोरडा. मी फाटकावर जाऊन सांगितलं, "मोटार जळाली. मेकॅनिक मिळत नाही, तीन-चार दिवस लागतील." कुणी एक शब्द उलट बोललं नाही. "अगंबाई, मग तुमचं कसं भाबी?" असं उलट दोघी-तिघींनी विचारलं. भांडी एकेक करून उचलली गेली. कडप्प्यावर घागरींच्या बुडांचे ओले गोल राहिले होते, ते ऊन चढता चढता वाळले.

अम्मी खुर्ची घेऊन आल्या, रिकामा रस्ता बघितला आणि खुर्ची परत घेऊन गेल्या. मला काही विचारलं नाही.

मोटार मी रात्री चालवायची. बारानंतर एकदा, साडेतीनच्या सुमाराला एकदा. टाकी भरली, पिंपं भरली, न्हाणीघरातली बादलीसुद्धा भरली. तीन दिवसांत आमच्या घरात इतकं पाणी साठलं, जितकं वर्षभरात साठलं नव्हतं. वाटलं होतं, आता झोप लागेल. लागली नाही. आता टाकी नाही, रस्त्यावरची चाहूल ऐकत पडून राहायचे.

तिसऱ्या दिवशी, असरची नमाज झाली होती, फाटक वाजलं. आमच्या डाव्या भिंतीला लागून एक मावशी राहतात. चार घरी पोळ्या-भाकरीची कामं करतात, नवरा नाही, मुलगा पुण्याला. आमच्या नळाच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक त्याच. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर कळशी, कळशीवर ओलं फडकं. मला वाटलं, मागायला आल्या. मी तोंडावर तेच वाक्य तयार ठेवलं.

त्यांनी कळशी ओट्यावर उतरवली. म्हणाल्या, "भाबी, आज आमच्याकडं टँकर आला बघा. तुमची मोटार जळालेली, म्हटलं अम्मींचं काय? त्यांना पाच वेळा हात-तोंड धुवायला लागतं. आम्हाला काय, एक दिवस कमी झालं तर चालतंय. एवढी ठेवा."

कळशी पंधरा-सोळा लिटरची असेल. माझ्या घरात त्या घडीला दीड हजार लिटर पाणी होतं.

मी काय बोलले ते मला आठवत नाही. नको म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं. मी कळशी आत नेली, रिकामी करायला पिंपाकडं गेले, पिंप काठोकाठ भरलेलं, त्यात ओतायला जागा नाही. कळशी तशीच हातात धरून मी स्वयंपाकघरात उभी राहिले. बाहेर अम्मी आणि मावशी पुण्याच्या मुलाबद्दल बोलत होत्या. शेवटी ते पाणी मी एका कोऱ्या बादलीत ओतलं, कळशी धुऊन परत दिली. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून त्यात दोन मुठी खजूर घातले. तेवढीच माझी अक्कल चालली.

मगरिबला अम्मींनी विचारलं, "तिनं आणलेलं पाणी कुठलं?" मी बादली दाखवली. त्यांनी त्यातलं एक छोटं तांब्याभर पाणी घेतलं आणि वजू केला. प्रेषित (स.) एक मुद पाण्यात वजू करत, असं हदीसमध्ये येतं. एक मुद म्हणजे पाऊण लिटरच्याही आत. हे मी वाचलं होतं, परीक्षेला लिहिलंही होतं. प्रत्यक्षात नळ सोडून वजू करणाऱ्या आम्ही. अम्मींचा हात बघत मी तिथं उभी होते. ओंजळ भरली की त्या थांबत, पाणी कोपरापर्यंत पोहोचल्यावरच दुसरी ओंजळ. पाय धुताना खाली घमेलं. तांब्यात थोडं उरलं ते आणि घमेल्यातलं पाणी कढीपत्त्याला.

रोज रात्री झोपण्यापूर्वी अम्मी सूरह मुल्क पढायच्या. त्या रात्रीही पढल्या. लग्न होऊन आल्यापासून मी ती ऐकत आले होते, पाठ झाली होती, पण कानावरून जायची. त्या सूरहची शेवटची आयत पाण्याबद्दल आहे. तुमचं पाणी जमिनीत खोल उतरून गेलं, तर वाहतं पाणी तुम्हाला कोण आणून देईल, असा तिचा भाव आहे. बोअर मारणाऱ्या गावात राहून, कॅलेंडरवर मोटारीची मिनिटं लिहून, मी इतके दिवस ती आयत ऐकलीच नव्हती. अम्मींनी मुद्दाम तिथं आवाज चढवला वगैरे काही नाही. नेहमीसारखंच पुटपुटत पढल्या आणि कूस बदलून झोपल्या.

मी अंगणात गेले. फरशी सरकवली, कॉक उघडला. सकाळी फाटकावर सांगितलं, "मोटार दुरुस्त झाली." म्हणजे पहिल्या खोट्यावर दुसरं खोटं. खरं सांगायची हिंमत झाली नाही, ती पुढं पाच वर्षं झाली नाही.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, की आता बोअरला भरभरून पाणी आलं असेल. अशा हकिगती मीही वाचलेल्या आहेत, आवडीनं वाचते. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मोटार चालू केली, ती दोन मिनिटं गुरगुरली, थोडा चिखल आला आणि संपलं. कॅलेंडरवर त्या दिवशी मी शून्य लिहिलं. सदक्यानं माल घटत नाही या हदीसवर माझं ईमान आहे. पण ते न घटणं लिटरमध्ये मोजून मिळेल अशी हमी तिथं दिलेली नाही, हे मला त्या दिवशी समजलं. अम्मी म्हणाल्या, "अल्हम्दुलिल्लाह, लोकांनी पिऊन संपलं. सांडून नाही संपलं."

आता आम्हीही रांगेत. टँकरच्या मागं पळायला मी कधी शिकले नव्हते. पहिल्या दिवशी पाइप धरताना माझी चप्पल तुटली आणि दोन बादल्याच हाती लागल्या. मावशींनी मला सगळं शिकवलं. टँकरच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं, पाइप पिंपात किती खोल घालायचा म्हणजे फेस होऊन पाणी सांडत नाही, पिंपाला फडकं बांधून गाळून कसं घ्यायचं. चार घरांनी मिळून अधूनमधून विकतचा टँकरही मागवला, तो वाटून घेतला. जूनच्या पहिल्या आठवड्यात रमजान लागला. साडेचौदा तासांचा रोजा, बाहेर झळा. एखाद्या दिवशी पिण्यापुरतंच पाणी उरलं तर तयम्मुमला मुभा आहे, हे अब्बू मशिदीत विचारून आले होते. ती वेळ एकदाही आली नाही. इफ्तारला बर्फाचं पाणी नव्हतं, पण मावशींच्या ओट्यावरच्या माठातलं पाणी रोज तांब्या भरून यायचं. त्या माठाची चव मला अजून कुठल्या फ्रिजमध्ये सापडलेली नाही.

आणि सवय जात नाही म्हणून मी त्या दिवसांतही हिशोब ठेवला. जूनमध्ये आमचं सहा माणसांचं घर रोज दीडशे लिटरमध्ये चाललं. आंघोळ अर्ध्या बादलीत, भांडी राखेनं, कपडे दोन दिवसांआड, धुण्याचं पाणी संडासला. त्रास झाला, नाही असं नाही. मुलं कुरकुरली, माझे हात फुटले. पण कुणी आजारी पडलं नाही, कुणी उपाशी राहिलं नाही, एक नमाज चुकली नाही. दीडशे लिटर. एप्रिलमध्ये सहाशेच्या खाली आम्ही जगू शकत नाही असं मी कॅलेंडरला सांगत होते, आणि त्या जोरावर हदीसला उत्तर देत होते. म्हणजे रोजचे साडेचारशे लिटर जास्तीचे होते. तीस हंडे. मी अम्मींना जिथं थांबवू या म्हटलं होतं, बरोबर तेवढेच.

आणखी एक, आणि हे डॉक्टरांना मी नंतर सांगितलं तेव्हा त्यांनाही नवल वाटलं. बोअर आटला त्या रात्री मी पडल्या पडल्या झोपले. टाकी बघायला उठायचं कारणच उरलं नव्हतं. रक्तदाबाची गोळी पुढं काही महिने चालू राहिली, ती काही एका रात्रीत सुटली नाही. पण झोप परत आली ती कायमची.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस आला. पावसाळा संपता संपता मांजरा धरण भरलं, लोक गाड्या करून बघायला गेले, आम्हीही गेलो. अम्मी पाण्याच्या काठाशी जाऊन बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

बोअरला पाणी परत आलं, पण मी त्याच्यावर पूर्वीसारखा भरवसा ठेवला नाही. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुनर्भरण करून घेतलं. ज्यांच्या अंगणात बोअर आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. केसिंग पाइपच्या भोवती सहा फूट खोल खड्डा घ्यायचा, त्या भागात पाइपला बारीक भोकं पाडून नायलॉनची जाळी घट्ट गुंडाळायची. खड्ड्यात तळाला मोठे दगड, त्यावर खडी, वर वाळू. गच्चीवरचं सगळं पाणी एका पाइपनं त्या खड्ड्यात. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी धुळीचं असतं, ते बाहेर सोडून द्यायला वेगळा कॉक ठेवायचा. दर उन्हाळ्यात वरची वाळू काढून धुवायची, हे मात्र न चुकता, नाहीतर गाळ बसून सगळं वाया जातं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर नऊशे लिटरच्या आसपास पाणी मिळतं. हा आकडा मिस्त्रीनं सांगितला तेव्हा मला ओळखीचा वाटला. साठ हंडे.

अम्मी 2021 मध्ये गेल्या. कोरोनानं नाही, वयानं, झोपेतच. त्या दिवसांत मावशी रोज संध्याकाळी येऊन बसायच्या. फार बोलायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, "अम्मी किती थोडक्या पाण्यात हात-पाय धुवायच्या हो. मी बघत बसायची." ते ऐकलं आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "मावशी, त्या वर्षी आमची मोटार जळाली नव्हती. मी आतून कॉक बंद केला होता."

मावशी पदरानं चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "ठाऊक आहे की."

"कसं?"

"रातच्याला टाकीत पाणी पडलेलं ऐकू येतंय की. आमची न्हाणी तुमच्या भितीलाच लागून आहे."

मला बोलायला शब्द सापडेना. शेवटी विचारलं, "मग कळशी का आणलीत?"

"तुमची मोटार जळाली म्हणून तुम्हीच सांगितलं न्हवं?" त्या हसल्या. मग म्हणाल्या, "आपल्या दोघींच्या मधी अम्मींचा नमाज कशापायी अडवायचा?"

मी चहा ठेवायला उठले. मावशींना साखर चालत नाही, त्यांच्यासाठी बिनसाखरेचा वेगळा ठेवला. चहा घेऊन झाला, त्यांनी कप स्वतः विसळून ठेवला आणि फाटकापर्यंत जाऊन मागं वळल्या. म्हणाल्या, "त्या नळाचा वायसर बदला भाबी. येताना बघितलं, थेंब थेंब गळायलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लंबरला बोलावून वायसर बदलून घेतला.